काटा रेघेवर होता

भावजी,

चौकशीच्या अहवालात तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘बॉयलर अटेंडंटने धोक्याची वेळेवर नोंद केली नाही.’ एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीला वाफ पुरवलीत, आणि कागदावर उरलं ते एवढंच. मला ते मान्य नाही, म्हणून लिहिते. तुम्ही वाचणार नाही हे कळतं मला; इतकी काही मी भ्रमिष्ट झालेली नाही. पण दुसऱ्या कोणाच्या हाती हे पडलं तर त्याला समजावं, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगते आहे. कंटाळू नका.

तुम्ही माझे धाकटे दीर. शाळेत इंग्रजीत आपटलात आणि पुन्हा परीक्षेला बसायचं नाव काढलं नाहीत. तळघरातल्या त्या बॉयलरपाशी लागलात ते तिथलेच झालात. आवाजात काम करून करून घरीही ओरडूनच बोलायचात. घरात काही गुपित बोलायचं झालं तर तुम्हाला आधी बाहेर धाडावं लागे. पण कान तुमचे तिखट. नळाजवळ कान नेऊन आत वाफ किती आहे ते सांगायचात, आणि मग डायलवर बघून खात्री करायचात.

दर तासाला रजिस्टरमध्ये नोंद करायची: वाफेचा दाब, पाण्याची पातळी आणि शेवटी शेरा. शेऱ्यात वर्षानुवर्षं ‘ओके’ आणि त्याखाली टिंबं. मग नवा सुपरवायझर आला. तो म्हणाला, शेरा इंग्रजीत हवा, नीट वाक्यात. तपासणी ऑफिसला तसाच लागतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना तुम्ही वही घेऊन माझ्यासमोर, घरातल्या इंग्रजीच्या मास्तरणीसमोर, बसलात.

“वहिनी, दहा वाक्यं लिहून द्या. घोकून टाकतो.”

“घोकून भाषा येत नाही. समजून घ्या.”

“बॉयलर समजून घ्यायला एकतीस वर्षं गेली. तुमच्याकडे आहे का तेवढा वेळ?”

भिंतीवरच्या पाटीतला एक शब्द तुम्ही अक्षर अक्षर उतरवून आणला होतात. एक्सीड. “पुढचा आकडा कळतो. आधीचं ‘डू नॉट’ही कळतं. म्हणजे काहीतरी करायचं नाही. काय करायचं नाही ते माहीत नव्हतं, पण एकतीस वर्षं केलं नाही.”

एक्सीड म्हणजे ओलांडणे, मर्यादेच्या पलीकडे जाणे, असं मी सांगितलं. तो आठवडा तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. चहात साखर एक्सीड, माझी बडबड एक्सीड. शेवटी तुमचे दादा वर्तमानपत्रामागून म्हणाले, “तुम्ही दोघंही एक्सीड झालात. मला वाचू द्या.”

मग मी वहीत तीन डायल काढले. लाल रेघेच्या खाली काटा, रेघेवर काटा, रेघेच्या वर काटा. दुसऱ्या चित्राखालीही तुम्ही एक्सीड लिहिलंत. मी लाल पेन्सिलीने त्यावर काट मारली.

“टेकला म्हणजे ओलांडला नाही. इथे ‘अ‍ॅट लिमिट’ लिहायचं.”

“टेकला म्हणजे गेलाच की वहिनी. आम्ही तिथेच आग कमी करतो.”

“बॉयलरचं मला सांगू नका. शब्दाचा अर्थ काय?”

“ओलांडणे.”

“ओलांडला का?”

“नाही.”

“मग?”

तुम्ही खोडून नीट लिहिलंत. मी बरोबरची खूण केली.

त्यानंतर लॉन्ड्रीत दोन मोठी यंत्रं वाढली. वाफ पुरेना. आग कमी करायची नाही, असा हुकूम निघाला. काटा लाल रेघेवर जाऊन बसला. दाब तिथवर चढला की सेफ्टी व्हॉल्व्हने आपोआप वाफ सोडायला हवी. तो फुसफुसतच नव्हता. अडकला होता, आणि ते तुमच्या कानांना कळलं होतं. तुम्ही दोनदा सुपरवायझरकडे गेलात.

“रजिस्टरमध्ये एक्सीड आहे का?” त्याने विचारलं.

“नाही साहेब. रेघेवर आहे.”

“मग रेघ आखलीय कशाला? तिथवर चालवायलाच ना!”

संध्याकाळी जिन्यात बूट काढता काढता तुम्ही मला हे सांगितलंत. “एक्सीड लिहून टाकू का वहिनी? त्याशिवाय कोणी हलणार नाही.”

मी काय म्हणाले? “जे झालं नाही ते लिहायचं नाही.” वर शाबासकीही दिली, शब्द नेमका वापरता आला म्हणून.

आठ दिवस तुम्ही ‘अ‍ॅट लिमिट’ लिहीत राहिलात. नवव्या दिवशी सव्वादहाला काटा रेघेपलीकडे गेला. तुम्ही बर्नर बंद केलात. चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोघी बायकांना ओरडून बाहेर काढलंत. त्या दोघी आजही तसंच सांगतात. मग बाहेर पडायचं सोडून तुम्ही रजिस्टरकडे वळलात. ‘प्रेशर एक्सीड्स लिमिट.’ वाक्य पुरं आहे, वेळही घातलेली आहे. रजिस्टरच्या फळीवरून जाणाऱ्या नळाचा जॉइंट तेव्हाच फुटला.

सात आठवडे तुम्ही त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर होतात. चौकशी तिसऱ्या आठवड्यात उरकली. सुपरवायझरने रजिस्टर पुढे केलं: बघा, अपघाताच्या दिवसापर्यंत एक्सीड एकदाही नाही, ‘अ‍ॅट लिमिट’ म्हणजे मर्यादेतच. तोंडी तक्रार कोणी ऐकलीच नव्हती म्हणे.

तुमचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. आणि आवाज, भावजी, तुमचा तो आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावं लागे.

“ते म्हणतात, आठ दिवस मला कळलंच नाही. वहिनी, मला पहिल्या दिवशी कळलं होतं. तुम्ही ऑफिसात जाऊन सांगा ना. वही दाखवा. तुम्ही शिकवलंत तसं लिहिलं म्हणावं.”

“सांगते.”

अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. मग आवडला नाही म्हणून पुन्हा लिहिला. तिसऱ्यांदाही लिहिला. खरं सांगायचं तर पहिलाच चांगला होता. चार अनोळखी माणसांसमोर ती लाल काट माझी आहे म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, स्वतःची दाखवायची वेळ आली तर मला शुद्धलेखन सुचत होतं.

रोज तुम्ही विचारायचात, “गेलात?”

“उद्या.”

“उद्या ऑफिस उघडं असतं ना?” एवढं म्हणून हसायचा प्रयत्न करायचात. शेवटच्या आठवड्यात विचारणंही थांबवलंत, मी आले की नुसते माझ्याकडे बघायचात. शनिवारी पहाटे तुम्ही गेलात.

तपासणी ऑफिस त्याच बसच्या रस्त्याला आहे, हॉस्पिटलच्या पुढे दोन थांबे. त्या सगळ्या दिवसांत मी रोज हॉस्पिटलपाशीच उतरले.