गोणीत शिवलेला संगणक

बोईसर स्टेशनजवळ भावनाचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, भावना आत बसली की गिऱ्हाइकाने दारातच उभं राहायचं. बाई फटकळ. कुणी "सगळं पुसून नवीन टाका" म्हटलं की ती म्हणते, "आता पुसा म्हनता, मग रडत माझ्याच दारात येता." कुठल्याही यंत्राला ती आधी पेन ड्राइव्हवरची प्रणाली लावते. ही प्रणाली आत मुक्काम करत नाही. पाहुण्यासारखी येते, बघते, बंद केली की निघून जाते. यंत्रातलं सगळं होतं तसंच राहतं.

ही ख्याती ऐकूनच कुंभवलीहून साखरबाई तोंड शिवलेली गोणी घेऊन आली. मूळची बीडकडची, एका रसायनांच्या कारखान्यात पॅकिंगला. चेहरा सुजलेला, दाराची चौकट धरून उभी. भावनाने डॉक्टरचं विचारलं, तर म्हणाली, "गोळ्या हायेत." तिचा एकुलता एक जितेश गेल्या वर्षी तापाने गेला होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. नातेवाइकांनी नाना वचनं देऊन पाहिली. शेवटी साखरबाई म्हणाली, "तुझी पेटी जशीच्या तशी ठेवीन, लेकरा." आणि कावळा शिवला. पेटी म्हणजे जितेशचा संगणक.

तो तिने जिवापाड जपला, आणि तिथेच घात झाला. काजळी बसू नये म्हणून कारखान्यातली रिकामी गोणी धुऊन त्यात संगणक घातला आणि हाताच्या सवयीने तोंड शिवून टाकलं. वर पावसाळ्याची ओल, आत धुऊनही न गेलेली पावडर. भावनाने गोणी उसवली तेव्हा बोर्ड गंजून हिरवा पडला होता.

"मावशी, हा आता चालू होनार नाय," भावना म्हणाली. एरवी तिला असं सांगताना काही वाटत नसे. आज वाटलं. "डिस्क वाचली असंल. पन खोलावं लागंल."

"शबुद दिलाय मी त्याला."

"आतलं काय बदलनार नाय. हा माझा शब्द."

साखरबाईने मान डोलावली. भावनाने डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली आणि पेन ड्राइव्हवरची प्रणाली सुरू केली. जितेशचे फोटो दिसले, गाणी दिसली. साखरबाई बघत राहिली.

"हे सामान झालं त्याचं," ती म्हणाली. "त्याची पेटी लावली की पेटीच बोलायची. तसं पायजे."

काय बोलायची, ते मात्र तिच्या तोंडून निघेना. भावनानेही खोदून विचारलं नाही. आता एकच वाट उरली होती. डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची आणि आपल्या संगणकाच्या पोटात जितेशचा अख्खा संगणक चालवायचा. मूळ डिस्क तशीच बाजूला राहणार.

"घर माझं, खोली त्याची," तिने समजावलं.

"चालंल की. भाड्याच्या खोलीतच वाढला त्यो."

नक्कल निघायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी साखरबाई पाळी सुटल्यावर थेट आली. परक्या घरात जुनी प्रणाली रुसते, हे भावनाला ठाऊक होतं. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. दुसऱ्यांदाही. यंत्रापुढे ती इतकी कधी घाबरली नव्हती. एक सेटिंग बदलून तिने पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर चौकट उघडली. चौकटीत पिवळ्या मोटरसायकलचं चित्र आलं, आणि पाठोपाठ एका पोराचा आवाज:

"आई, गोळी घेतली का गं?"

आई कामावरून दमून येते आणि विसरते, म्हणून त्याने ते लावून ठेवलं होतं. संगणक सुरू झाला की आधी हेच.

साखरबाईने पिशवीतून रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. ते जितेश होता तेव्हाचं होतं, आणि त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

भावनाने ते हातात घेऊन तारीख पाहिली, ती उलटून गेली होती. ती समोरच्या औषधाच्या दुकानात गेली आणि त्याच गोळ्यांचं नवं पाकीट घेऊन आली.

"पानी दे गं, पोरी," साखरबाई म्हणाली.