आत्याचं हक्कसोडपत्र

नवरा कॅनडात जाऊन दीड वर्ष झालं होतं. मला तिकडं नेण्यासाठी केलेल्या अर्जावर तिथल्या अधिकाऱ्याचं पत्र आलं: लग्नाआधी तुमचं एकमेकांशी काय नातं होतं, पहिली भेट कधी झाली, ते तीस दिवसांत पुराव्यासह कळवा. माझं माहेरचं आणि सासूबाईंचं माहेरचं आडनाव एकच, म्हणून त्यांना शंका आली असणार. सासू माझी सख्खी आत्या. आमच्याकडं भावाची मुलगी बहिणीच्या घरात देतात, त्यात कुणाला लपवण्यासारखं काही वाटत नाही.

क्रांती चौकातल्या व्हिसा एजंटला मात्र वाटलं. "मॅडम, कशाला गुंता? नातं नव्हतं लिहा. कॉलेजात ओळख झाली म्हणा. त्यांना ते लगेच पटतं."

मी म्हणाले, "आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिली मी चढले. बी.ए. करायला चढले, नवरा शोधायला नाही." फाइल उचलली आणि मुकुंदवाडीला माहेरी आले. उत्तर मीच लिहिणार आणि खरं लिहिणार, हे रिक्षातच ठरलं.

पण आत्या आणि बाबा सख्खे बहीणभाऊ, हे कागदावर दाखवायचं कसं? आत्याचा जन्मदाखला नाही. शाळेत ती गेलीच नाही. आधार कार्डावर नवऱ्याचं नाव, माहेरच्या रेशन कार्डावरनं नाव कधीच कमी झालेलं. दोन आठवडे कचेऱ्यांच्या खेट्यांत गेले.

मग आठवलं. आजोबा वारल्यावर आत्यानं शेतातला हिस्सा बाबांना सोडून दिला होता. त्या हक्कसोडपत्रात दोघं एकाच बापाची लेकरं असल्याचं लिहिलेलं असणारच.

बाबांना कागद मागितला, तर आधी म्हणाले सापडत नाही. मग म्हणाले, जुनं कशाला उकरतेस. त्यांना आत्यासमोर लाज वाटत होती, हे मला उशिरा कळलं. मी सरळ आत्याकडं गेले आणि कागद मिळाला नाही तर माझं जाणं बारगळतं, असं सांगितलं. ती तशीच माझ्याबरोबर निघाली.

"काढ की तो कागद," ती बाबांना म्हणाली. "माझा अंगठा घेताना लई घाई होती तुला."

"तुला वाटंल, हिस्सा..."

"वाटतंय की. रोज वाटतंय. त्याचं आपण मागून बघू. पोरीचं काम आधी."

बाबांनी पेटी उघडली. आत्यानं तो कागद कधी ऐकलाच नव्हता, म्हणून मी मोठ्यानं वाचला. "माझे सख्खे बंधू" आलं, तिथं माझा जीव भांड्यात पडला. "राजीखुशीने" हा शब्द आला तशी मी थांबले.

"पुढं वाच," आत्या म्हणाली.

भाषांतर कोर्टाजवळ करून घेतलं, पत्र मी लिहिलं. पहिली भेट कधी, या प्रश्नाला उत्तर दिलं: मी जन्मले तेव्हा, माझा नवरा तीन वर्षांचा होता आणि मला बघायला आला होता. चालीरीत समजावली, वंशावळ काढून जोडली. सत्ताविसाव्या दिवशी सगळं पाठवलं.

चार महिन्यांनी त्यांनी पासपोर्ट मागवला, म्हणजे व्हिसा मंजूर झाला. निघायच्या आदल्या दिवशी मी बाबांना विचारलं, आत्याच्या हिश्श्याचं कधी बघायचं? ते म्हणाले, तू नीट पोच आधी.

पोचले. आता दर रविवारी फोनवर विचारते.