सिस्टरची बुटकी गाडी

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात जसं भंगार साठत जातं, तसे गॅरेजवाल्यांकडे किस्से साठत जातात. भंगार न्यायला निदान हातगाडीवाला येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते असे चहाच्या निमित्तानं बाहेर काढावे लागतात.

जानेफळला उत्तमदादाचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. त्याला लागून सलीमचाचाचं वेल्डिंगचं दुकान, आणि समोर माझं सीट कव्हरचं. आता गॅरेजच्या जागी मोबाईलचं दुकान आलंय. मालक चांगला आहे बिचारा, खुर्चीही देतो बसायला. पण तिथं ग्रीसचा वास नाही, त्यामुळे माझं मन काही रमत नाही. त्या दिवसांची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू?

आमच्या सगळ्या किस्स्यांत सिस्टरची गाडी एक नंबर!

* * *

नंदा सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्राची नर्स. नाल्यापलीकडच्या वस्त्या तिच्याकडे. आमच्यापैकी निम्म्यांची लेकरं तिच्या हातावर जन्मलेली. डांबरी संपते तिथपर्यंत जीप सोडायची, पुढे ती पायी. पावसाळ्यात एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात लसीचा डबा.

मध्ये तिनं स्कूटीवर कोणाच्या तरी मागे बसून जाऊन पाहिलं. काळ्या मातीत तिची लहान चाकं अशी रुतली की दोन शेतकऱ्यांनी उचलून बांधावर ठेवली. मोटारसायकलची चाकं मोठी, पण तिच्यावर बसलं की सिस्टरचे पाय अधांतरी, आणि गेअरचं तर नावच काढू नका. बाईंना सायकलसुद्धा येत नव्हती. शेवटी कंटाळून तिनं देऊळगाव राजाला बदली मागितली. तिथं माहेर, आणि दारापर्यंत डांबरी.

हे कळल्यावर उत्तमदादाचं कामात लक्ष लागेना. एक दिवस सिस्टर रस्त्यानं चाललेली दिसली, तर जयभीम घालून तिला थांबवलंच. विचारलं, कशी गाडी असली तर थांबाल?

सिस्टर म्हणाली, "उंच नको, गेअर नको, आन् नाल्यात फसाले नको. अशी गाडी असते काय दादा?"

"नसते," उत्तमदादा म्हणाला. "पण होते."

* * *

आता गाडी बनवायची तर माप पाहिजे. सिस्टरच्या पायाचं माप घ्यायचं कोणी? उत्तमदादानं टेप चाचाकडे दिला, चाचानं माझ्याकडे, मी परत उत्तमदादाकडे. बाईमाणसाला असं कसं म्हणणार, की ताई, जरा पाय दाखवा?

शेवटी आमचं लक्ष चहावाल्या बबनरावांवर गेलं. उंची अगदी सिस्टरएवढी! झालं. रोज दुपारी बबनरावांना ऑइलच्या डब्यावर बसवायचं, खाली विटा लावायच्या, काढायच्या, आणि पाय टेकतात का ते बघायचं. चाचाचा टेपवर विश्वास नव्हता, तो वितीनं मोजायचा. बबनराव बसल्या बसल्या कुरकुरायचे की तिकडे चहा उतू जातोय. पण मनातून खूश होते. गिऱ्हाइकांना सांगायचे, "नव्या गाडीचं माप माह्यावरून घेऊन राह्यले."

* * *

बिनगेअरचं इंजिन उत्तमदादानं मेहकरच्या भंगारातून शोधून आणलं. जुन्या मोटारसायकलची चेसी चाचानं मधोमध कापून खाली बसवली. पण इंजिन त्या जागेत सरळ मावेना. चाचा म्हणाला, उलटं फिरवून बसवू, त्याला काय होतंय? बसवलं. चेन लावली, वेल्डिंग गार झालं, आणि उत्तमदादा ट्रायल घ्यायला बसला.

अॅक्सिलरेटर पिळला आणि गाडी सुसाट निघाली. मागच्या बाजूला! उत्तमदादाचं तोंड आमच्याकडे आणि गाडी बबनरावांच्या टपरीकडे. कपबश्या गेल्या, बाकडं गेलं, बबनराव तेवढे वेळेवर बाजूला झाले.

आम्ही सगळे डोक्याला हात लावून उभे. चाचा मात्र धूर निघणाऱ्या इंजिनाकडे मोठ्या कौतुकानं बघत म्हणाला, "चली तो सही!"

* * *

सगळं उलटंसुलटं करून गाडी एकदाची तयार झाली. निळा रंग दिला, मी निळीच सीट शिवली. आतला फोम इतका पातळ कापला की मलाच वाईट वाटलं. सिस्टरला बोलावलं. बबनरावांनी नवीन कपबश्या काढल्या.

सिस्टर आली, तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नुसती उभी राहिली. आम्हाला वाटलं, भरून आलं असेल.

जरा वेळानं ती हळूच म्हणाली, "गाडी लई चांगली झाली दादा. पण साडी नेसून बसू कशी मी ह्याच्यावर?"

समोर ही मोठी पेट्रोलची टाकी! पाय टाकणार कुठून? आम्ही चौघंही लग्न झालेली माणसं, घरी रोज दोरीवर साड्या वाळताना बघणारी. पण माप बबनरावांचं घेतलेलं, आणि बबनराव पायजम्यात! उत्तमदादानं ड्रेस घालण्याचं सुचवून पाहिलं, तर ड्यूटीची साडी आहे म्हणून सिस्टरनं विषयच मिटवला.

उत्तमदादाच्या बायकोला हे कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि हसत हसत खालीच बसली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की आमच्यापैकी एकानं जरी घरी विचारलं असतं, तर महिना वाचला असता. चाचानं गाडी पुन्हा कापली. टाकी सीटखाली गेली, समोर पाय ठेवायला मोकळी जागा झाली, आणि माझा फोम आणखी पातळ झाला.

* * *

मग शिकवणी. आठवडी बाजाराचं मैदान एरवी मोकळं असायचं. सिस्टर गाडीवर, उत्तमदादा कॅरिअर धरून मागे पळतोय, आणि कडेला बघायला अर्धं गाव. ब्रेक कुठे, अॅक्सिलरेटर कुठे, सगळं तिला तोंडपाठ होतं. पण सिस्टर शेतकऱ्याची लेक. गाडीनं वेग घेतला तसं घाबरून तिच्या तोंडून निघालं, "होऽऽ! होऽऽ!"

गाडी कशाची थांबते? बाजूच्या रस्त्यानं चाललेली बैलजोडी मात्र जागच्या जागी उभी राहिली. गाडीवान किती वेळ हाकत होता, पण सिस्टर ओरडायची थांबेपर्यंत बैलांनी पाय उचलला नाही.

ती पडलीही बरेचदा. गाडीच इतकी बुटकी, की पडली तरी लागायचं नाही. पदर खोचून उठायची, आम्ही धावलो की हातानंच थांबवायची आणि पुन्हा बसायची. बाई हट्टी होती, म्हणून तर आम्हाला आवडायची.

* * *

गाडी गावात फिरायला लागल्यावर लोक वळून बघायचे. एका लग्नाला पुण्याचे पाहुणे आले होते. त्यातला एकजण गाडीभोवती बराच वेळ फिरला आणि चाचाला विचारू लागला, की ही इम्पोर्टेड आहे का?

"हाव," चाचा म्हणाला. "मेहकरहून आणेल आहे."

* * *

आणि मग उन्हाळ्यात बदलीची ऑर्डर आली. गाडी बनायच्या आधी मागितलेली बदली, आमच्या तर डोक्यातूनही गेली होती. सरकारच्या डोक्यातून गेली नव्हती. देऊळगाव राजा! हवं तेच गाव मिळालं होतं.

बातमी उपकेंद्रातून बबनरावांकडे आणि बबनरावांकडून आमच्याकडे आली. तिच्या माहेरचा प्रश्न, आम्ही थांब म्हणणारे कोण? उत्तमदादा एकच प्लग पुसत बसला होता. बबनराव चहात साखर टाकायला विसरले, आणि आम्ही तो तसाच प्यायलो.

भर उन्हात सिस्टर गाडीवरून आली. स्टँड लावला, पदरानं तोंड पुसलं.

उत्तमदादानंच हिंमत केली. खाली बघत म्हणाला, "गाडी इथंच ठेवून जा सिस्टर. तिकडं डांबरी आहे, तुमाले स्कूटी बरी पडन."

सिस्टर माझ्या दुकानाकडे वळली आणि मला हाक मारून म्हणाली, की ही सीट दोन बोटं वर करून दे.

मी वैतागलो. ज्या सीटसाठी जीव काढला, ती आता वर? म्हटलं, "काऊन? दुसऱ्या कोण्या उंच माणसाले देऊन राह्यल्या काय?"

"देऊ कोणाले?" सिस्टर म्हणाली. "आता मले पाय टेका लागत नाही. आन् पावसाळा तोंडावर आला, आपल्या नाल्याचं पाणी लागीन ना सीटले."