हातोडेसाहेब

"मार खाऊन टिकला तरच माझा," असं म्हणून ते बोल्टवर हातोड्याचा पहिला ठोका घालायचे. दुसरा ठोका शेजारच्या काँक्रीटवर. एवढ्यात मध्ये कुणी काही बोललं, तर तिसरा ठोका कुणाला बसेल याची खात्री नसायची.

साइटवर त्यांना पाठीमागे हातोडेसाहेब म्हणत. त्यांचं आडनाव दुसरंच होतं, पण ते कुणाच्या तोंडी राहिलं नाही. बुटकी, रुंद मूर्ती. तरुणपणी शेवगावच्या तालमीत लढलेले, त्यामुळे दोन्ही कान चेपून गोळा झालेले. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, की ज्याची गाडी फाटकातून आत आली की चहाच्या टपरीवरची माणसं अर्धा कप टाकून कामाला लागतात.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. काँक्रीट घट्ट होऊन खांब उभे राहिले, की कुणाला तरी आठवतं, इथं लोखंडी ब्रॅकेट लावायचं होतं. नाहीतर जुन्या इमारतीला नवं काही जोडायचं असतं. मग त्या घट्ट काँक्रीटला ड्रिलने भोक पाडायचं, आतली भुकटी ब्रशने आणि ब्लोअरच्या हवेने साफ करायची, भोकात केमिकल भरायचं आणि त्यात लोखंडी बोल्ट बसवायचा. बाहेरून सगळे बोल्ट सारखेच दिसतात. पण आत भुकटी राहिली असेल, तर केमिकल काँक्रीटला न धरता भुकटीला धरतं, आणि असा बोल्ट वजन आलं की सुटतो. बसवलेले बोल्ट ठोकून, जॅक लावून ओढून बघायचे आणि पास की नापास ते सांगायचं, हे साहेबांचं काम. मी मालकाच्या बाजूचा सुपरवायझर. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ओ सुपरवायझर, जॅक धरा." एवढंच.

सावेडीतल्या एका इमारतीत ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरले. लिफ्ट ज्यावरून सरकते त्या रुळाचा एक बोल्ट त्यांच्या हातानेच फिरला. वर आल्यावर बिल्डरचा माणूस हसून म्हणाला, "साहेब, एवढ्या बोल्टांत एकाने काय होतंय?" साहेबांनी त्याची कॉलर धरली आणि त्याला खड्ड्याच्या काठावर असं मागे झुकवलं, की त्याच्या पायातली चप्पल निसटून खाली गेली. ती तळाला आपटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"आता तुला एकाच हातानं धरलंय," साहेब म्हणाले. "सांग. एकानं काय होतंय?"

तो माणूस पुढे साहेब दिसले की आधी भिंतीला टेकून उभा राहायचा.

भांडण झालं की साहेबांना भूक लागत असे. ते डबा उघडायचे, बाजरीची भाकरी मोडायचे आणि नुकत्याच दम भरलेल्या माणसासमोर अर्धी धरायचे. "घे. रिकाम्या पोटी राग धरू नको." ती भाकरी नाकारायची कुणाची टाप नव्हती. मला हे सगळं तेव्हा गमतीचं वाटायचं. पण एकनाथच्या बाबतीत जे झालं, ते गमतीचं नव्हतं.

राहुरीकडे देवळाली प्रवराच्या बाजूला एका साखर कारखान्याचं वाढीव काम चाललं होतं. जुन्या काँक्रीटच्या खांबांना ब्रॅकेट लावून त्यावर नवा लोखंडी प्लॅटफॉर्म बसवायचा होता आणि प्लॅटफॉर्मवर रसाचा जाडजूड पाइप. काम ज्या ठेकेदाराकडे होतं, त्याला सगळे शेठ म्हणत. हंगाम तोंडावर आलेला. कारखान्यासमोरच्या माळावर ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या पडलेल्या, बैल बांधलेले. शेठला घाई होती.

भोकं पाडायला एकनाथ होता. शेवगावच्या पलीकडच्या एका वाडीतला, तिशी ओलांडलेला. आधी दरसाल ऊसतोडीला जायचा, मग ड्रिल मशीन शिकला. त्याचे दंड असे की मशीन खेळण्यासारखं वाटावं.

साहेबांनी पहिल्या बोल्टला जॅक लावला. हँडल जरासं दाबलं, तर लोण्यातून काडी निघावी तसा बोल्ट बाहेर आला. त्याच्या अंगाला केमिकल होतं आणि केमिकलला पांढऱ्या भुकटीचा थर. दुसराही तसाच आला.

साहेबांनी दोन्ही भोकांत बोट घालून निघेल तेवढी भुकटी काढली. "भोक कुणी पाडलं?"

"म्या," एकनाथ म्हणाला.

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत साहेबांनी त्याची मान काखेत धरली आणि ती भुकटी त्याच्या तोंडात कोंबली. "खा! भोकात ठेवतो ना? खा आता!" एकनाथ ताकदीचा गडी, पण तालमीतली पकड त्याला सुटेना. तो गुदमरला, त्याचे पाय घासायला लागले. आम्ही तिघांनी मिळून साहेबांना ओढलं तेव्हा तो गुडघ्यावर बसून खोकत राहिला. थुंकीत रक्त होतं.

"ब्लोअर बंद हाय," तो खोकता खोकता म्हणाला. "कवाचा बंद हाय. शेठला दोनदा सांगितलं. शेठ म्हनला, फुंकर मार आन् हो फुडं."

 साहेबांनी लाल रंगाचा डबा घेतला आणि त्या ओळीतल्या प्रत्येक बोल्टवर फुली मारली. सगळे नापास. त्या दिवशी त्यांनी भाकरीचा डबा उघडला नाही.

शेठ दुपारी आला. आधी गोड बोलला, मग म्हणाला, "साहेब, तुम्ही रोज याच रस्त्यानं नगरला जाता ना?"

"रोज," साहेब म्हणाले. "संध्याकाळी पाचला निघतो. तुमची माणसं चुकायला नकोत म्हणून सांगतो."

माणसं चुकली नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही फाट्यावर चहाला थांबलो असताना जीप येऊन थांबली आणि चौघं उतरले. तिघांच्या हातात सळया होत्या. चौथा एकनाथ, त्याच्या हातात मोठा पाना.

मी "अहो, अहो" म्हणत पुढे झालो, तर पहिली सळई माझ्याच डोक्यात बसली. मी टपरीच्या बाकाखाली पडलो. तिथून जे दिसलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. साहेबांनी उकळत्या चहाचं पातेलं उचलून पुढच्या माणसाच्या तोंडावर भिरकावलं. तो किंचाळत रस्त्यावर धावला. दुसऱ्याचं नाक त्यांनी कपाळाने फोडलं. तेवढ्यात मागून सळई त्यांच्या उजव्या हातावर आली, आणि हाड मोडल्याचा आवाज मला बाकाखाली ऐकू आला. ते खाली पडले. मग लाथा. बरगड्यांवर, पाठीवर, तोंडावर. साहेब ओरडत नव्हते. एकाच्या पोटरीला त्यांनी दात लावले होते आणि ते सोडत नव्हते.

एकनाथने पाना उचलला आणि त्यांच्या खांद्यावर एकदा घातला. एकदाच. मग तो थांबला, आणि पुढच्या क्षणी आपल्याच माणसांना ढकलायला लागला. "बास! बास म्हनतो ना! मरल त्यो!"

नगरच्या दवाखान्यात साहेबांच्या हाताला प्लास्टर घातलं, बरगड्या बांधल्या. माझ्या डोक्याला टाके पडले. त्यांच्या बायकोला मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. शाळेतून निवृत्त झालेल्या, हळू बोलणाऱ्या बाई. उशाशी बसून त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या, आणि साहेब मुकाट्याने तोंड उघडत होते.

हवालदार जबाब घ्यायला आला. साहेबांनी तिघांचं वर्णन नीट दिलं.

"टपरीवाला म्हणतो चौघं होते," हवालदार म्हणाला.

"तिघंच होते."

तो गेल्यावर मी म्हणालो, "साहेब, एकनाथ होता की."

"त्याच्या तोंडात मी भुकटी कोंबली, त्यानं मला पाना घातला. मिटलं."

"पण तेव्हा चूक त्याची नव्हतीच. ब्लोअर बंद होता."

साहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हणूनच तिघं."

त्यांना दवाखान्यातून सोडलं त्या सकाळी मी स्कूटर घेऊन गेलो. जिना उतरताना त्यांनी विचारलं, "फुल्या मारलेले बोल्ट काढले का?" मी इतके दिवस घरीच होतो, मला माहीत नव्हतं. "मग घरी कुठं नेता? कारखान्यावर घ्या." बाई वर नर्सकडून औषधं घेत होत्या. मी नाही म्हणून बघितलं. शेवटी बांधलेल्या बरगड्यांनी ते माझ्या मागे बसले. मनमाड रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्यांनी एक नवी शिवी दिली. एकही पुन्हा वापरली नाही. मी हसायला लागलो की म्हणायचे, "पुढं बघा, सुपरवायझर."

कारखान्यात शिरलो आणि माझं हसू गेलं. प्लॅटफॉर्म बसला होता. त्यावर पाइप चढवला होता आणि वेल्डिंग चाललं होतं. बोल्टवरच्या लाल फुल्यांवर कुणीतरी करडा रंग मारला होता. वर सात-आठ माणसं कामाला, खाली शेठ गाडीजवळ फोनवर बोलत उभा.

साहेबांनी मान वर करून पाहिलं. शेवटच्या ब्रॅकेटची पट्टी खांबापासून सुटली होती. मधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता.

"उतरा!" ते ओरडले. "उतरा सगळे!"

वेल्डिंगच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं त्यांनी वाकून पाहिलं आणि हसले. मार खाल्लेला साहेब पुन्हा भांडायला आलाय, असं त्यांना वाटलं असणार. मी खालून हातवारे करत राहिलो. साहेब जिन्याकडे पळाले. जिना वेगळ्या खांबांवर होता, पक्का होता. ते प्लास्टरचा हात छातीशी धरून वर गेले आणि त्यांनी माणसांना मारायला सुरुवात केली.

दुसरा शब्द मला वापरता येत नाही. पहिल्याच्या कमरेत लाथ घालून त्याला जिन्यावर ढकललं. दुसऱ्याला केसांना धरून ओढलं. तिसऱ्याच्या पाठीत प्लास्टरचाच हात घातला, तेव्हा कळवळून स्वतःच खाली बसले आणि पुन्हा उठले. तोंडाने अखंड शिव्या. माणसं घाबरून जिन्यावरून धडाधड खाली आली. "साहेबाचं डोकं फिरलंय!" असं ओरडत एकजण माझ्या अंगावरच पडला.

वर एकनाथ तेवढा राहिला, अगदी शेवटच्या टोकाला. त्याचा सुरक्षेचा पट्टा प्लॅटफॉर्मच्याच कठड्याला अडकवलेला. साहेब आपल्याकडे येताना पाहून त्याने पाना उचलला.

"साहेब, फुडं येऊ नका! त्या दिसाचं उट्टं काढायचं आसंल तर खाली चला!"

साहेब गेले. पाना उगारलेला असताना त्याच्या आत शिरले आणि डाव्या हाताने त्याच्या गालावर अशी चपराक मारली, की ती मला खाली ऐकू आली. एकनाथ सुन्न झाला. तेवढ्या वेळात साहेबांनी त्याच्या पट्ट्याचा हुक सोडवला, त्याला बखोटीला धरून ओढत आणलं आणि जिन्याच्या टप्प्यावर फेकलं.

मग बोल्ट सुटले. बंदुकीच्या गोळ्यांसारखे, एकामागून एक. प्लॅटफॉर्मची एक बाजू खाली गेली, पाइप त्यावरून घरंगळला, आणि साहेबांचा एक पाय जिन्याकडे येण्यासाठी उचललेला होता, एवढंच मला दिसलं. पुढे धूळ.

धुळीतून एकनाथ खाली आला तो थेट शेठच्या गाडीकडे. शेठ दार लावून घेत होता. एकनाथने त्याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि गाडीच्या बॉनेटवर त्याचं तोंड आपटलं, पुन्हा आपटलं. रक्त काचेवर उडालं. आम्ही पाचसहा जणांनी त्याला धरलं, तरी आवरेना. "साहेबांना काढा! आधी साहेबांना काढा!" असं मी ओरडलो तेव्हा त्याने शेठला सोडलं आणि पाइपाखाली खांदा लावायला धावला.

पुढे शेठला अटक झाली, जामीनही झाला. खटला चालू आहे. मी साक्ष दिली, एकनाथनेही दिली, पान्याचा वार आपलाच होता हे धरून.

त्या दिवशी साहेबांना नगरला नेईपर्यंत ते गेले होते. दुपार होती. दवाखान्याच्या ओसरीत बाई बाकावर बसल्या होत्या, सकाळच्या औषधांची पिशवी अजून हातात. एकनाथ समोर फरशीवर बसला होता. नर्स त्याच्या तोंडावरचं रक्त पुसायला आली, तेव्हा त्याने उजवा गाल फिरवून घेतला. त्यावर पाचही बोटं उठली होती, लाल, सुजलेली, वेगवेगळी मोजता येतील अशी.

बाईंनी विचारलं, "हे कुणी मारलं?"

एकनाथ खाली मान घालून म्हणाला, "साहेबांनी."

"यांनी?" बाईंच्या आवाजात रागापेक्षा नवलच जास्त होतं.

"व्हय. म्हनून तर मी हितं हाय."

बाई उठल्या, त्याच्यापुढे फरशीवर बसल्या. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि आपला हात त्याच्या गालावर, त्या वळांवर ठेवला. त्यांची बोटं साहेबांच्या बोटांपेक्षा खूप लहान होती. एकनाथने डोळे मिटून घेतले. बाईंनी हात बराच वेळ काढला नाही.