माझ्या तेरवीची पंगत

मूर्तिजापूरला मुंबईची गाडी उशिरा आली, त्यामुळे आम्हाला एकमेकांकडे बघत उभं राहायला जास्त वेळ मिळाला आणि तो कोणालाच नको होता. बाबा फलाटावर येरझारा घालत होते. आई पदराने बाक पुसून त्यावर बसली होती आणि उठून पुन्हा तोच बाक पुसत होती. माझी ट्रंक भाऊने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, खांद्यावरून आणली होती.

बाबा दर्यापूरजवळच्या आमच्या गावी शाळामास्तर होते. त्या भागात विहिरीचं पाणी खारं लागतं, जमिनीलाही मिठाची चव असते. गाडी दिसली तसे ते म्हणाले, "तिथची माती चाखून पाय. खारी असन तं वापस ये." परदेशी जाणाऱ्या मुलीला त्यांनी दिलेला सल्ला तेवढाच. भाऊने ट्रंक आत सरकवली, खिडकीशी आला आणि हसून म्हणाला, "आता तू पावनी झाली, सुमे." मी प्रेमाने मान हलवली. भाऊ तेव्हाच मला घरच्यांतून काढून पाहुण्यांत बसवत होता, हे कळायला मला वीसेक वर्षं लागली.

इरा, कबीर, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की मामाआजोबा इतके आजारी असताना आजी भेटायला का जात नाही. इरा तर म्हणाली, "आजी, लेट इट गो." टोरांटोहून ते सोपं दिसतं. म्हणून सगळं नीट क्रमाने लिहिते आहे. वाचून झाल्यावर तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या.

मी अमरावतीला मिशनरी शाळेत इंग्रजीतून शिकले, पुढे तिथेच भूशास्त्र घेतलं. काळी माती म्हणजे फार जुन्या लाव्हाचा भुगा, हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे आपण राखेतच पेरून राहिलो?" जिवंत लाव्हा बघायला मी शिष्यवृत्तीवर गेले आणि पुढे फिलिपिन्समधल्या एका बेटावर वेधशाळेत नोकरीला लागले. तुमचे आजोबा मला तिथेच भेटले. ते पूल बांधत होते, मी डोंगर बघत होते.

काम असं होतं. लहान विमानातून ज्वालामुखीच्या तोंडावरून जायचं आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे. त्यात गरम जागा पांढरी दिसते, थंड जागा काळी. मग आजचा फोटो कालच्या शेजारी, कालचा गेल्या महिन्याच्या शेजारी ठेवायचा. लोकांना वाटतं डोंगर अचानक फुटतो. अचानक काही होत नाही. आधी एक उतार किंचित फुगतो, जिथे काळं होतं तिथे राखाडी येतं. हे ज्याला दिसतं तो वेळेवर खालची गावं रिकामी करवतो. या नोकरीने मला दोन गोष्टी शिकवल्या: वरून बघणं आणि घाई न करणं.

बाबा गेले तेव्हा शेत आम्हा भावंडांच्या आणि आईच्या नावावर आलं. आमच्याकडे अशा वेळी बहिणीने हक्कसोड लिहून द्यायचा असतो. भाऊबीजेला ओवाळून झालं की पाटावरच सही मागतात. मी दिली नाही. त्या जमिनीचा पैसा मला नको होता. पण मी त्या गावची आहे, हे सांगायला माझं नाव तिथे असायला हवं होतं.

नंतर ती वाईट वर्षं आली. कापसाचा भाव पडला, बोंडं किडली, शेजारच्या घराघरात रडारड झाली. भाऊचं दर्यापुरात बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं आणि ते त्या वर्षांतही जोरात चाललं. अकोल्याच्या एका माणसाला आमचं शेत पेट्रोल पंपासाठी हवं होतं, कारण ते डांबरी रस्त्याला लागून होतं. भाऊ फोनवर म्हणाला, "सारेच विकून राहिले. तू तिथी राह्यते, तुले कायले पायजे वावर?" मी नाही म्हटलं. त्याने फोन ठेवला.

त्याच वर्षी आमचं विमान राखेच्या ढगात सापडलं. त्यात माझे दोन सहकारी होते. ते परत आले नाहीत. मीही त्यात असायची, पण त्या सकाळी माझी दाढ काढायची होती म्हणून मागे राहिले. गावाकडच्या पेपरात बातमी आली, त्यात भारतीय महिला शास्त्रज्ञाचाही समावेश असल्याचं छापलं होतं. मी त्याच दिवशी गावी फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता. सगळी बोलणी समोरच्या शकूरभाईंच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातल्या फोनवर व्हायची. त्यांनी हाक मारून भाऊला बोलावलं. मी सांगितलं की मी सुखरूप आहे. भाऊ म्हणाला, "हाव, हाव. लय बरं झालं. मायले सांगतो." त्याचे शब्द जरा उशिरा आल्यासारखे वाटले. मला वाटलं, लाइनच तशी आहे.

पुढच्या आठवड्यात शकूरभाईंचा स्वतःहून फोन आला. एरवी ते फार बोलायचे, त्या दिवशी घसा खाकरत राहिले.

"ताई, एक बात इचारू? तुमची तेरवी हाय रविवारी. तुमी येता काय जेवाले?"

मला वाटलं चेष्टा आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं. माझा फोन ठेवून भाऊ घरी गेला आणि आईला म्हणाला की हापिसातून फोन होता, सुमी गेली. पेपरातलं कात्रण दाखवलं. आता तो गावभर आमंत्रणं देत फिरत होता. "माह्या दुकानात तुमच्याशी बोलला, ताई, माह्या कानानं आयकलं. अन मलेच जेवाले सांगून गेला. मी इचारलं, काहून बापा, ते तं बोलली ना परवा? तं म्हणे, थो तुमचा भास हाय, शकूरभाई."

भाऊने आईला कोणाला भेटू देणं बंद केलं होतं. पण सांत्वनाला आलेल्या बायकांना कोण अडवतो? शकूरभाईंच्या बायकोने आईच्या गळ्यात पडून रडण्याचं नाटक केलं आणि कानात सांगितलं, "जिंदा हाय. येऊन राहिली." त्यानंतर आई इतक्या मोठ्याने रडू लागली की भाऊला तिचं कौतुक वाटलं.

मी मनिला, मुंबई, मूर्तिजापूर अशी आले आणि तिथून जीपमध्ये कोंबून गावात उतरले. घरापुढे मांडव होता. माझा कॉलेजातला फोटो खुर्चीवर ठेवून त्याला झेंडूचा हार घातला होता. मी चेहरा पदरात घेऊन बायकांच्या मागून आत गेले आणि पंगतीच्या टोकाला एका रिकाम्या पत्रावळीवर बसले. भाऊ वाकून बुंदी वाढत येत होता. सगळ्यांना "घ्या, सावकाश घ्या" म्हणत होता. माझ्यापाशी आला तेव्हा मी पदर मागे टाकला.

"वाढ ना, भाऊ. पावनीले वाढत नाही काय?"

त्याच्या हातातून झारा बुंदीत पडला. पंगतीतल्या माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. माझ्या शेजारी आमचे तलाठी बसले होते. भाऊने त्यांच्याकडे माझ्या मृत्यूचा आणि मला वारस नसल्याचा अर्ज आधीच देऊन ठेवला होता. त्यांनी घास तोंडाशी धरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "पण बाई, तुमी तं मयत आहा."

"जेवण होईस्तोवर राहू द्या," मी म्हटलं. "मंग पाहू."

कोणीतरी फिसकन हसलं, मग अख्खी पंगत हसू लागली. भाऊ म्हणत होता, "पेपरात आलं होतं, बाप्पा, मी काय करू, पेपरातच आलं होतं." शकूरभाई मांडवाच्या दारातच उभे होते, ते एवढंच म्हणाले, "अन फोन?" हसणं थांबलं. गावातली माणसं भाऊकडे बघत होती आणि तो बुंदीच्या टोपल्याकडे.

आई आतून आली. ती रडली नाही, मिठी मारली नाही. तिने भाऊच्या हातातलं टोपलं घेतलं, माझ्यासमोर बसली आणि मला वाढलं. "आंधी जेव. मंग निघू आपण."

मी कढी दोनदा घेतली. इतकं चवीने मी त्यानंतर क्वचितच जेवले असेन.

आई त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर निघाली आणि मुंबईत तिचा पासपोर्ट झाल्यावर शेवटपर्यंत बेटावर माझ्यापाशी राहिली. बाल्कनीतून डोंगर बघून म्हणायची, "चुलीवानी धुपते बाई हा." भाऊचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. ती गेली तेव्हा मी त्याला कळवलं नाही. हे कठोर वाटेल तुम्हाला. वाटू द्या.

शेताची वाटणी झाली. डांबरी रस्त्याकडचा भाग मी मागून घेतला आणि गावापुढे भाऊला नाही म्हणता आलं नाही. पंपवाल्याने रस्ता नसलेली मागची जमीन घेण्याचा विचारही केला नाही. माझा भाग मी शकूरभाईंच्या मुलाला ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या पैशावर कसायला दिला. तो त्यात तूर पेरतो. भाऊला दर्यापूरला जाता-येता त्या तुरीजवळून जावं लागतं.

निवृत्त होऊन मी अमरावतीला आले, पण जुनी सवय सुटली नाही. दर हंगामात मी त्या शेताचे उपग्रहातून घेतलेले फोटो मागवते आणि शेजारी शेजारी ठेवून बघते. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात आणि नांगराच्या ओळीला तास. एका वर्षी दिसलं की सरळ धुरा बाभळीपासून पुढे किंचित फुगला आहे, माझ्या बाजूला. मी भाऊला फोन केला. आईला घेऊन गेल्यानंतरचा पहिला.

"धुरा दोन तास आत सरकवला तू."

आधी तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "तुले कोनं सांगतलं?"

"वरून दिसते."

"वरून कोन पायते?"

"मी."

पुढच्या फोटोत धुरा सरळ होता.

दिवाळीआधी भाऊचा मुलगा संजू मिठाईचा डबा घेऊन इथे आला. आता पुन्हा एक गिऱ्हाईक आहे, आणि त्याला दोन्ही भाग एकत्र हवे आहेत. भाऊ अंथरुणाला खिळला आहे. संजू म्हणाला, "आत्या, बाबा लय थकले. झोपेत तुमचंच नाव घेतात. एक सही करून द्या, त्यांचा जीव सुटन." मुलगा चांगला आहे, त्याचा यात काही दोष नाही. मी त्याला पोटभर जेवू घातलं, बसभाडं दिलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले.

"बाबांना सांग," मी म्हटलं, "मेलेली बाई सही करत नसते."

इरा, तू शाळेच्या निबंधासाठी विचारलं होतंस की आजी, तुझं होम नक्की कोणतं, आयलंड की अमरावती. दोन्ही नाही. बेटावर मी नोकरी केली, इथे मी राहते. घर म्हणजे तो तुरीचा पट्टा. तिथे मी एक रात्रही झोपले नाही, झोपणारही नाही. पण तिथून मला पुसून टाकायला निघाले होते आणि आज माझ्याशिवाय तिथली एक ओंजळ माती विकता येत नाही. घराकडून मला इतकंच हवं होतं.

तो पट्टा मी तुम्हा दोघांच्या नावे करून ठेवला आहे. मी गेल्यावर मामाआजोबांच्या मुलांशी काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माफ करावंसं वाटलं तर करा, माझी हरकत नाही. फक्त मी गेले असं कोणी कळवलं, तर आधी मला एक फोन करून बघा.