जुन्या इमल्याचं दार

तुळशीरामदादाबरोबर सुरतेच्या जुन्या गल्ल्यांतून चालणं म्हणजे अब्रूशी खेळ होता. चांगलं घर दिसलं की तो थांबायचा. मान मागे टाकून आधी छपराचे वासे बघायचा, मग खांब, मग चौकट, आणि शेवटी उंबऱ्याशी जाऊन दारावर बोटांनी टकटक करायचा. आतून कुणीतरी येऊन विचारायचं, कोण हवंय. "कोनुं काम छे, भाई?" दादा शांतपणे सांगायचा, "कोईनुं नहीं, शेठ. बारणुं जोऊं छुं. सरस लाकडुं छे." दाराच्या लाकडाची स्तुती, इथवर ठीक होतं, शेठ खूशही व्हायचा. मग निघता निघता दादा म्हणायचा, "पाडो त्यारे कहेजो." पाडाल तेव्हा कळवा, असं घरमालकाच्या तोंडावर! त्यानंतर मी पाय उचलून गल्लीचं टोक गाठायचो. दादा आपला मागून सावकाश यायचा.

उधन्याच्या एका कापड गिरणीत तो फिटर होता आणि मी रंगखात्यात. दोघेही खानदेशातले, दोघांच्याही घरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. लिंबायतला तेव्हा वस्ती विरळ होती, बाभळी होत्या, रेल्वेच्या बाजूला पाणी साचायचं. तिथे आम्ही शेजारी शेजारी जागा धरल्या. मी घाईघाईने नव्या फळ्यांचं, नव्या पत्र्यांचं घर उभं करून मोकळा झालो. दादाने मात्र किती तरी दिवस नुसती झोपडी ठेवली आणि सुट्टी आली की तो शहरात जायचा. तापीच्या त्या मोठ्या पुरानंतर गावातली बरीच जुनी घरं खिळखिळी झाली होती. मालक ती पाडायचे, आणि त्यांचं लाकूड, लोखंड, कौलं, विटा असा सगळा जुना इमला व्यापारी नदीकडच्या बाजारात ढीग लावून विकायचे. दादाचा जीव त्या ढिगांत रमायचा.

"नवं लाकूड म्हंजे नवा जावई, भो," तो म्हणायचा. "कवा फुगंल, कवा वाकडं चालंल, काही सांगता येत नही. जुन्यानं जे फुगायचं ते फुगून घेतलेलं असतं." हे तो माझ्या दाराकडे बघून म्हणायचा. माझं नवं दार पावसाळ्यात लागायचं नाही आणि उन्हाळ्यात त्याच्या फटींतून मांजर ये-जा करायचं. दादाच्या घराला मात्र सागाच्या तुळया, कुठल्याशा बंगल्याचे गज, आणि वहिनींनी चुना खरवडून काढलेल्या विटा. त्या विटा खरवडताना वहिनी दादाला काय काय बोलायच्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घर उभं राहिलं तेव्हा आमच्या आळीत तसं घर दुसरं नव्हतं. भर मे महिन्यात आत गेलं की अंगाला गार वाटायचं.

त्याची एक रीत होती. व्यापाऱ्याने खुशीने एखादी कडी वर टाकली, तर तो ती परत ढिगावर ठेवायचा, नाहीतर तिचे पैसे द्यायचा. मला हे खूळ वाटायचं. मी एकदा म्हणालो, "दादा, देतोय तर घे ना." तो म्हणाला, "फुकटात घेतलं का देनाऱ्याचा हात वर ऱ्हायतो. इकत घेतलं का दोघांचे हात सारखे." मग त्याने कडीचे पैसे दिले, आणि व्यापारी आमच्याकडे वेड्यांकडे पाहावं तसा पाहत राहिला.

घराचं मुख्य दार त्याने सगळ्यात शेवटी आणलं. गोपीपुऱ्यातल्या एका सराफाचा जुना वाडा उतरवला, त्याचं होतं ते. जाड सागवान, पितळी फुल्या, वरच्या पट्टीवर वेल आणि दोन पोपट कोरलेले. ते बसवलं त्या दिवशी दादाने गावी निरोप धाडला, आबांना पाठवून द्या. आबा म्हणजे त्याचे वडील. आई लवकर गेली होती, आबांनीच त्याला वाढवलं. म्हातारपणी आबांनी आपल्या घरात, आपल्या दारातून आत यावं, एवढ्यासाठी त्याने हा सगळा खटाटोप केला होता. हे त्याने मला कधी सांगितलं नाही, पण आबांचं पत्र आलं की तो ते गिरणीत खिशात घेऊन हिंडायचा, यावरून मला कळत होतं.

आबा भुसावळ पॅसेंजरने आले. काठी, पांढरं धोतर, काखेत वळकटी. आम्ही सगळे अंगणात उभे होतो. वहिनींनी रांगोळी काढली होती. आबा दाराशी आले आणि थांबले. त्यांनी पोपटांकडे पाहिलं.

"कोनाचं व्हतं हे?"

"एका शेठचं, आबा. वाडा पाडला त्यानं. मी घेतलं," दादा म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने भरून आला होता.

"म्हंजे त्याले नको झालं, म्हनून आपल्या घरी आलं."

"तसं नही, आबा. इकत घेतलं. रोख पैसे देल्ले."

"ते तुले माहीत," आबा म्हणाले. "मले तं दार दिसतं."

एवढं बोलून ते उंबऱ्यावरून मागे झाले आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसले. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. वहिनी रडकुंडीला आल्या. दादा दाराशी तसाच उभा, एक हात चौकटीवर.

आबा त्या घरात गेले नाहीत. जेवले लिंबाखाली, आणि झोपायला आले माझ्याकडे, माझ्या त्या फुगलेल्या फळ्यांच्या घरात, कारण ते नवं होतं. मला इतका संकोच कधी झाला नव्हता. शेजारच्या घरात मुलगा जागा, आणि इकडे त्याचा बाप माझ्या सतरंजीवर. आबांनी मग मला सांगितलं. गावात पाटलाचं फाटलेलं धोतर, शिळी भाकर, मेलेल्या म्हाताऱ्याचं अंथरूण, हे सगळं त्यांच्या वाट्याला यायचं. वापरून झालं की आमचं. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी घरातलं असलं सगळं गोळा केलं आणि पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. त्या वर्षी कुणी काम दिलं नाही. "पोरानं मव्हाची फुलं खाऊन दिवस काढले," आबा म्हणाले. "तो पोरगा हाच. तवापासून कोनाचं वापरलेलं मी अंगाले लावलं नही रे बा. आता म्हातारपनी त्या दाराखालून कसा जाऊ?"

माझ्या आईनेही असंच सगळं परत केलेलं होतं. दोघांचंही बरोबर होतं, आणि त्याचंच मला फार वाईट वाटत होतं.

दादाने दार काढायची तयारी केली. पहार घेऊन उभाच राहिला. आबांनी त्याचा हात धरला. "नको काढू. घर चांगलं बांधलं तू. तुही काही चूक नही. माह्या पायाले जमत नही, बस." थोडे दिवस राहून ते परत गेले. स्टेशनवर दादाने त्यांची वळकटी डब्यात ठेवली, पाया पडला. पुढच्या वेळी येईन, असं आबा म्हणाले. त्याच हिवाळ्यात ते गावी वारले. दादा पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

त्यानंतर दादा गप्प झाला. शहरात गेला तरी कुणाच्या दारावर टकटक करीना. शेठलोकांची सुटका झाली, असं मी एकदा गमतीने म्हणालो, तर नुसता हसल्यासारखं करून पुढे चालू लागला. मला माझ्या बोलण्याचा राग आला. चांगला मोकळा माणूस असा आतल्या आत मिटत चाललेला बघवत नव्हता.

दोन-तीन वर्षांनी, आई माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा, माझ्या घराच्या फळ्या कुजल्या. दादा येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "चाल, बाजारात जाऊ. तुही माय पन येईल."

"आईचं काय काम तिथे? तिला तसलं चालत नाही, तुला ठाऊक आहे."

"म्हनूनच," तो म्हणाला.

आई कुरकुरत आली. ढिगांमधून दादाने तिला हिंडवलं, स्वतः एक शब्द बोलला नाही. तीच एका दाराशी थांबली. मग व्यापाऱ्याने भाव सांगितला आणि आईचं रक्त तापलं. "एवढ्याले तं तुहा बाप बी देनार नही!" ती मराठीत भांडत होती, तो गुजरातीत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजत होतं. आई दोनदा उठून चालू लागली, दोनदा त्याने "आवो, माजी, आवो" करून परत बोलावलं. शेवटी तिने कनवटीचे पैसे सोडून त्याच्या हातावर ठेवले. त्याची माणसं दार उचलून हातगाडीवर चढवू लागली, तर ही मागून ओरडतेय, "सांभाळून रे! माह्या दाराले चरा नका पाडू!"

परतताना आई हातगाडीबरोबर पुढे चालत होती, एक हात दारावर. आम्ही दोघे मागे. तिच्या त्या हाताकडे बघत दादा म्हणाला, "आबाले मी घर दाखवायले बोलावलं. बाजारात न्यायले पाह्यजे व्हतं." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

दादा जाऊन आता खूप वर्षं झाली. त्याची आठवण आली की मला आईचं दार बसवलं त्या दिवशीची संध्याकाळ दिसते. दादानेच बिजागऱ्या बसवल्या, दार दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि बाजूला झाला. आईने पदर सावरला, उंबरा ओलांडला आणि मागे वळून म्हणाली, "ये ना, तुळशीराम, आत ये. चहा टाकते."

दादा अंगणातच उभा होता.

"तू जाय, माय," तो म्हणाला. "मले जरा पाहू दे."