लेझरनंतरच्या अक्षता

तिसरीत मला चष्मा लागला आणि तेव्हापासून कवठे महांकाळात मला माझं नाव उरलं नाही. शाळेत ढापणी, गल्लीत ढापणी, आणि पुढे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला लागले तर तिथेही वर्गातलीच एक मैत्रीण आधीपासून बसलेली. नंबर वाढत वाढत मायनस सातवर गेला. चष्मा काढला की समोर माणूस उभा आहे की खुंटीला शर्ट टांगलाय, हे तो बोलल्याशिवाय कळायचं नाही.

साखरपुड्याचे फोटो आले आणि माझं डोकं फिरलं. प्रत्येक फोटोत नवरा मुलगा छान, आणि त्याच्या शेजारी डोळ्यांच्या जागी दोन ट्यूबलाइट लावलेली एक मुलगी. लेन्स मला सोसत नव्हत्या, डोळे लालभडक व्हायचे. म्हणून मी घरात जाहीर केलं की लग्नाच्या फोटोत माझ्या नाकावर चष्मा असणार नाही, मी लेझर करून घेणार.

"चष्म्यासकट पसंत केलीया की त्यांनी," पप्पा म्हणाले.

"त्यांनी केलीय. मी नाही केलेली."

लग्नाला दोन महिने होते, तेवढे भरपूर झाले असं सांगलीचे डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन म्हणजे पडल्या पडल्या एका हिरव्या ठिपक्याकडे बघत राहायचं. डोळ्यावर दाब आला, सगळं अंधारलं, मग ठिपका परत आला आणि केस जळल्यासारखा वास सुटला. मी घाबरून विचारलं, "डॉक्टर, काय जळतंय?" ते म्हणाले, "तुमचा नंबर." ते हे प्रत्येक पेशंटला सांगत असणार, पण मला तेव्हा फार बरं वाटलं.

डोळ्यांवर प्लास्टिकच्या पारदर्शक वाट्या चिकटवून मी गाडीत मागच्या सीटवर आडवी झाले. मिरज ओलांडली असेल नसेल, तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. मेढ्याहून सासरे बोलत होते. माझा होणारा दीर फौजेत आहे, त्याची रजा अचानक अलीकडच्या तारखांना मंजूर झाली होती. पुढे मिळायची खात्री नव्हती. तेव्हा लग्न पुढच्या आठवड्यातच उरकलं तर?

आमच्या पप्पांना फौज हा शब्द ऐकला की नाही म्हणता येत नाही. "व्हय व्हय, जमवू की," ते म्हणाले. मी मागून ओरडले, पण डोळे मिटून ओरडलं की कुणी मनावर घेत नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ मी चष्म्याशिवाय वाचली आणि डॉक्टरांसमोर नाचायचंच काय ते बाकी राहिलं. डॉक्टरांनी मग पथ्य सांगितलं. डोळा चोळायचा नाही, काजळ नाही, धुरापाशी बसायचं नाही. बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलून परत बसवलाय, तो पक्का धरेपर्यंत डोळ्याला काही लागता कामा नये.

"आणि अक्षता वो?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आम्ही लग्नाची तारीख बदलल्याचं त्यांना तेव्हा कळलं. त्यांचंही लग्न आपल्याच भागात झालेलं, त्यामुळे अक्षता कशा येतात ते त्यांना माहीत होतं. पुढच्या रांगा हळूच टाकतात, आणि मागे उभी असलेली मंडळी नेम धरून मारतात. ते म्हणाले, "एक तर अक्षता बंद करा, नाहीतर हिला साध्या काचेचा चष्मा घाला."

चष्मा! गाडीत मी आईशी भांडले, घरी पप्पांशी भांडले. एवढं सगळं करून पुन्हा ढापणीच बोहल्यावर उभी राहणार असेल तर मला लग्नच नको, असंही म्हणून टाकलं. हे खोटं होतं. लग्न मला हवं होतं, मुलगा मला आवडला होता. पण आयुष्यात एक फोटो तरी नुसत्या माझ्या तोंडाचा असावा, एवढं माझं मागणं होतं आणि ते मला फार मोठं वाटत नव्हतं.

शेवटी तोडगा मामाने काढला. मामा एसटीत ड्रायव्हर होता. गाडीत किती गर्दी असली तरी त्याचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा. "अक्षता बंद. फुलांच्या पाकळ्या वाटायच्या. मी हाय न्हवं पाठीमागं उभा?" नवरीच्या मागे मामानेच उभं राहायचं असतं, तेव्हा बंदोबस्त आपोआपच त्याच्याकडे आला.

लग्नाच्या दिवशी त्याने माइक हातात घेतला आणि सांगितलं, "मंडळी, अक्षता कुणीबी टाकायच्या न्हाईत. नवरीच्या डोळ्याचं आपरेशन झालं हाय!"

झालं. मेढ्याच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. एवढ्या लहान वयात मोतीबिंदू? आधी सांगितलं का न्हाई? नवऱ्याची आत्या तर सरळ माझ्या खोलीत आली आणि माझ्यासमोर हात धरून म्हणाली, "किती बोटं हाईत, सांग बघू."

"दोन," मी म्हटलं. "आणि त्यातल्या एकातली अंगठी उलटी फिरलीय."

आत्यांनी अंगठी सरळ केली. डोळ्यांबद्दल त्यांचं समाधान झालं, पण पाकळ्यांबद्दल नाही. "फुलांनी कुठं लगीन लागतंय व्हय?" असं म्हणत त्या बाहेर गेल्या. मेढ्याहून येताना त्यांनी कुंकू लावलेल्या तांदळाची पिशवीच आणली होती आणि ती त्यांनी दोन्ही बाजूंना मुकाट्याने वाटली.

हे आम्हाला पहिल्या मंगलाष्टकाला कळलं. 'सावधान' म्हटल्याबरोबर माझ्या कपाळावर टणकन काहीतरी लागलं. पाकळी टणकन लागत नाही. मी डोळे गच्च मिटले. मला खरोखरच भीती वाटली. आत्ताच कुठे जग स्वच्छ दिसायला लागलं होतं, ते एका तांदळापायी जाणार की काय?

"उघडू नकू," मामा कानात म्हणाला. मग भटजींना म्हणाला, "उरका वो लवकर."

शेवटचं मंगलाष्टक संपलं, ताशे कडाडले, आणि आता अंतरपाट बाजूला होणार आणि मागची सगळी मेढ्याची मंडळी मुठी मोकळ्या करणार, हे मला न बघताही दिसत होतं. तेवढ्यात मामाचा आवाज आला. "फौजी, ते टोक धर! वर घे, वर!"

भटजी ओरडले, "अहो, अंतरपाट खाली घ्यायचा असतो!" पण एका बाजूने मामाने आणि दुसऱ्या बाजूने दिराने तो उचलून आमच्या डोक्यांवर छपरासारखा धरला, आणि तोंडासमोरही चांगला लोंबता सोडला. वर तांदूळ ताडताड वाजायला लागले. फोटोग्राफर "तोंडं दिसंनात, तोंडं दिसंनात" म्हणून बोंबलत होता. आमच्या लग्न लागतानाच्या फोटोत एक पांढरं कापड आहे, त्याला धरलेले दोन घामेजलेले पुरुष आहेत आणि खाली आमचे चार पाय आहेत. त्या फोटोवरून मी पुढे आठवडाभर धुसफुसत होते.

पण त्या वेळी मी कापडाखाली होते. मी हळूच डोळे उघडले. वीतभर अंतरावर नवरा उभा होता, आणि त्यानेच डोळे गच्च मिटून घेतले होते. मी लगेच काही बोलले नाही, बघून घेतलं. हनुवटीखाली दाढी करताना कापलेलं, उजव्या भुवईत एक पांढरा केस, आणि कपाळावर घामाचा प्रत्येक थेंब वेगळा. मला तो इतका आवडला की मी सगळं पुन्हा एकदा बघून घेतलं.

"आवं," मी म्हटलं, "ऑपरेशन माझं झालंय. तुम्ही का डोळे मिटलेत?"

"भ्या वाटतंय," तो म्हणाला. "आतापतुर तुम्ही चष्म्यातनं बघून व्हय म्हणालाय. आता नीट दिसत आसंल."

"लय नीट दिसतंय."

त्याने एकच डोळा उघडला. "मग?"

"मग काय, हार घाला," मी म्हटलं. "मामाचे हात भरून आलेत."